अबोल्याबद्दल शास्त्रात काही नाही

आमच्यात द्वेष करत नाहीत. आमच्यात अबोला धरतात.

हा फरक बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. द्वेष हे पाप आहे. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या पोरीला हे अंगावरचं दूध सुटायच्या आधी शिकवतात. वैऱ्यावर प्रीती करायची, शाप देणाऱ्याचं भलं मागायचं, आणि जो आपल्या भावाचा द्वेष करतो त्याला खुन्याच्या रांगेत बसवायचं, हे सगळं आम्हाला तोंडपाठ. पण अबोल्याबद्दल शास्त्रात, म्हणजे आमच्या बायबलात, काही नाही. मी नीट शोधलं आहे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं मी, एखादा शब्द माझ्या नजरेतून सुटेल असं होत नाही. द्वेष सापडला, मत्सर सापडला, तंटे आणि कलह तर पाहिजे तेवढे. अबोला नाही. तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण नऊ वर्षं एकमेकींशी बोललो नाही, यात कुठलीच आज्ञा मोडली नाही असं माझं ठाम मत होतं. मत कसलं, सोयच होती ती.

आमचं गाव आर्णीच्या बाजूचं. चहूकडे कापूस, तूर, सोयाबीन, आणि मधे आमची पंधरा-सोळा ख्रिस्ती घरं. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, लहान, वर पत्रे, आत आठ बाकं. गावातले लोक आमच्याकडे कौतुकानं बघतात. समोरच्या घरची शेतकरीण बाई मला नेहमी म्हणायची, "तुमच्यातलं बरं हाय बाप्पा. तुमच्या देवानं राग करायचं कामच ठेवलं नाई." मी म्हणायचे, "हो ना, लय बरं हाय." आणि असं म्हणताना तीन घरं पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीच्या दाराकडे पाठ करून कपडे वाळत घालायचे.

अबोला धरणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं महिनाभर धरून बघावा. सोपं नाही ते. देवळात ती उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायची, म्हणून मी डावीकडच्या दुसऱ्यावर. उपासनेनंतर सगळे एकमेकांना सलाम करतात, हात मिळवतात. त्या वेळी माझ्या पर्समध्ये नेमकं काहीतरी हरवायचं. नऊ वर्षं दर रविवारी हरवायचं. आणि अबोल्यात आदर फार वाढतो बरं का! जिचा शेंबूड मी माझ्या फ्रॉकनं पुसला, ती धाकटी एका दिवसात 'त्या' झाली. "त्यांना सांगा, नाताळाच्या फराळाला मी येत नाही." "त्यांना सांगा, मायच्या नावानं प्रार्थना आहे, यायचं तर यावं."

हे निरोप पोचवायचे कुणी? माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं. मी त्यांची आकडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण, म्हणून मला वचकून असायचे. जन्मभर एसटीत कंडक्टर होते जावईबापू. 'पुढे सरका' याखेरीज कुणाला चढ्या आवाजात काही बोलले नसतील. त्यांच्यात एक खुबी होती. ती तिकडून म्हणायची, "त्या बाईले सांगा, लय शायनी समजते सोताले." ते माझ्या दारात येऊन टोपी काढून म्हणायचे, "ताई, ती म्हणून राह्यली का तुमची तब्येत कशी हाय." मलाही कळायचं, त्यांनाही कळायचं की मला कळलं. मग मी चहा करायचे.

आता कारण सांगते. ऐकून हसाल. हसा.

आमची माय गेली तेव्हा मी ढाणकीच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका होते. जिल्ह्याचं पार दुसरं टोक. मायचं शेवटचं तीन वर्षांचं अंथरूण धाकटीनं काढलं. मी महिन्यातून एकदा शनिवारी यायचे, शाळा तपासणीला साहेब येतो तशी. चादर स्वच्छ आहे का बघायचे, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायचे, भाजीची चव घेऊन "मीठ जास्त आहे हं" म्हणायचे आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत. माय गेली मंगळवारी. मी पोचले तेव्हा पेटीचं झाकण लावायचं बाकी होतं.

कबरीवरच्या दगडाचं काम बहिणीकडे दिलं. दगड कोरणारा तालुक्याचा माणूस, हात अगदी सुरेख. देवळांच्या पायऱ्या, घरांच्या पाट्या, समाध्या, सगळं करायचा. बहिणीनं कागदावर मायचं नाव, तारखा आणि एक ओळ लिहून दिली. त्यानं ती मोत्यासारख्या अक्षरात कोरली. आणि गेलेल्या माणसाला मान द्यायचा म्हणून, आपल्या मनानं, जादा काही न मागता, नावाच्या आधी दोन खुणा कोरल्या: एक 'कै' आणि त्याच्यापुढे टिंब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 'कै.' म्हणजे कैलासवासी. आमच्यात 'ख्रिस्तवासी' लिहितात, किंवा काहीच लिहीत नाहीत. वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण वर्ष झालं की कबरीशी प्रार्थना असते. त्या दिवशी सगळी मंडळी जमली, तेव्हाच्या पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, दगडावरचं पांढरं कापड काढलं, आणि मराठीच्या बाईनं वाचलं. माझी माय, जिनं साठ वर्षांत एक रविवार चुकवला नाही, तिचा मुक्काम कैलासावर लिहिला होता. शंकराविषयी माझी कसलीच तक्रार नाही, गावात सगळे त्यालाच मानतात. पण पत्ता चुकला ना!

मी तिथंच सुरू झाले. पन्नास माणसांत. "वाचता येते का तुले? डोळे फुटले होते का? एवढ्याशा कामाले लायक नाई तू!" आणखी बरंच. चौथीच्या पोरांना शुद्धलेखनावरून झापायचे त्याच आवाजात. बहिणीनं दगडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि एवढंच म्हणाली, "तू कुठं होतीस?"

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सुचलं नाही. म्हणून मी म्हणाले, "आजपासून तुझा माझा बोलण्याचा संबंध संपला." असं म्हटलं की उत्तर द्यावं लागत नाही. अबोल्याचा मुख्य फायदा हाच.

त्याच वर्षी मी निवृत्त होऊन गावी परत आले तेव्हा मंडळीनं मोठ्या मानानं रविवारची शाळा माझ्या गळ्यात घातली. धडा कुठला? प्रीतीचा. माझ्याइतकी लायक बाई दुसरी कोण मिळणार होती! मी पोट्ट्यांना विचारलं, "आपला वैरी कोण?" कुणाला रोमन शिपाई आठवला नाही, आमच्याकडे ते येत नाहीत. एकजण म्हणाला, "रानडुक्कर." दुसरी म्हणाली, "रोही. आमची सारी तूर खाल्ली." मी म्हटलं, त्यांच्यावरही प्रीती करायची. एका पोरीनं फार गंभीरपणे विचारलं, "मंग कुंपणाले करंट नाई लावाचा का, मॅडम?" मी तिला सांगितलं की प्रीती करावी आणि कुंपणही घालावं. पोरांना पटलं. मलाही पटलं. घरी येताना बहिणीच्या दारावरून जायला नको म्हणून मी मागच्या बोळातून आले.

एक गोष्ट आहे मात्र. 'प्रीती' हा शब्द आमच्या बोलण्यात नाहीच. देवळात शिरताना चपला बाहेर काढतो आणि हा शब्द तोंडात घेतो, बाहेर येताना चपला घालतो. माय घरी कधी प्रीती म्हणाली नाही. ती म्हणायची, "मायेनं वाग वं." तो शब्द मी धड्यात कधी वापरला नाही, कारण त्याचा अर्थ पोरांना लगेच कळला असता.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले. तरुण, नगरकडचे, शुद्ध बोलणारे. त्यांना आमच्या मंडळीच्या भानगडी माहीत नव्हत्या, म्हणजे तीन आठवड्यांत सगळ्या माहीत झाल्या. मार्चच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा लहानसा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, ताटातून बाकाबाकावर फिरवतात. जुने पाळक या वेळी घड्याळाकडे बघायचे. या नव्यांनी भाकर मोडण्याआधी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ज्यांच्या मनात कुणाविषयी कटुता आहे, त्यांनी आज ताट पुढे जाऊ द्यावं. आधी समेट, मग भाकर. देवाला फसवू नका."

आठही बाकांवरच्या माना आधी उजवीकडे वळल्या, मग डावीकडे. मी छताच्या पत्र्याकडे बघत होते. माझ्या मनात कुठली आली कटुता? माझा तर नुसता अबोला.

ताट उजवीकडे गेलं. माझ्या बहिणीनं ते दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर बघितलं, आणि एकही तुकडा न घेता शेजारणीकडे दिलं. वरच्या पत्र्यावर चिमण्या चालत होत्या ते ऐकू आलं. मग ताट माझ्याकडे आलं. मी तुकडा घेतला. चांगला मोठा बघून घेतला.

घरी आले आणि मटण केलं. काय सांगू तुम्हाला माझा आनंद! नऊ वर्षांनी हिनं सगळ्यांदेखत कबूल केलं की पाप हिच्या मनात आहे. मी जिंकले होते. खरं सांगायचं तर ही माझी दुसरी जीत. पहिली नाताळात झाली होती. बहिणीचा आवाज म्हणजे आमच्या मंडळीचं भूषण, कुठलंही गीत तीच उचलायची, मग बाकीचे मागून यायचे. नाताळात पहिल्याच गीताला तिचा आवाज फाटला. पुढच्या रविवारी घोगरा आला. मग तिनं गाणंच बंद केलं, नुसते ओठ हलवायची. लोक म्हणाले, सर्दी असेल. मला बरं वाटलं. लिहूनच टाकते, मला बरं वाटलं होतं. देवानं तिची घमेंड उतरवली असं मी मनात म्हणाले. देवाचं नाव घेऊन म्हणाले.

त्या रविवारनंतरच्या शुक्रवारी जावईबापू आले. नेहमीसारखी टोपी काढली, पण दारातच उभे.

"आज काय निरोप?" मी विचारलं. आवाजात जिंकल्याचा तोरा होताच.

"आज निरोप नाई, ताई. मीच आलो." मग खाली बघत म्हणाले, "तिच्या घशात गाठ हाय. नागपूरले दाखवलं. चांगली नाई निघाली. सोमवारी ऑपरेशन हाय. आवाजाची पेटीच काढा लागते म्हणतात."

"मंग बोलणं?"

"मंग बोलणं नाई."

मी खुर्चीवर बसले. त्यांना बसा म्हणायचं राहिलं. ते उभ्या उभ्याच सांगत होते, की जिवाला धोका कमी आहे, डॉक्टर चांगले आहेत, पोरगा सुटी घेऊन आला आहे आणि आईचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतो आहे. नातीसाठी गोष्टी. सुनेसाठी लोणच्याची कृती. चार गीतं म्हणून बघितली, पण आवाज लागला नाही.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? मायेचा नाही. मला वाटलं, अरेच्चा, म्हणजे तिला गिळता येत नव्हतं! म्हणून ताट सोडलं! माझी जीत गेली. ख्रिस्ती बाई, नऊ वर्षं प्रीतीचा धडा शिकवणारी, बहिणीच्या घशात गाठ आहे हे ऐकून आपला पराभव मोजत बसली होती.

दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. नऊ वर्षं मी वाट बघत होते की ती आधी बोलेल. लहान आहे, चूक तिची आहे, तिनंच यायला पाहिजे. आता सोमवारनंतर ती कुणाशीच बोलणार नव्हती. माझा अबोला जगाच्या अंतापर्यंत टिकणार होता, कुणी मोडू शकणार नव्हतं. एवढं पक्कं यश कुणाला मिळतं? मी पदरात तोंड खुपसून रडले, आणि जावईबापू घाबरून म्हणाले, "ताई, चहा मी मांडतो."

आमच्यात एक रीत आहे. अबोला ज्यानं धरला त्यानंच मोडायचा. रीत मला माहीत होती. धरला कुणी, हेही पन्नास माणसांना माहीत होतं.

शनिवारी दुपारी गेले. रात्रभर एक भाषण जुळवलं होतं, त्याला प्रस्तावना होती, क्षमेवर दोन वचनं होती. दारात पाय ठेवला आणि भाषण पार कापरासारखं उडालं. ती स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती. गळ्याभोवती सुती पंचा. फार वाळली होती. मी तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, यांना विचारा, तब्येत कशी आहे."

ती लसणाकडे बघत, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्यांना सांगा, बरी हाय."

"यांना विचारा, काही पाहिजे का."

"त्यांना सांगा, काई नाई पाहिजे."

जावईबापू एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. मग उठले. खुंटीवरची पिशवी घेतली, टोपी घातली. "मी नाई सांगत," ते म्हणाले. "एसटीतून रिटायर झालो, आज याच्यातूनबी रिटायर झालो. माझी ड्युटी संपली." आणि चपला घालून निघून गेले. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच एकदा पाहिलं.

राहिलो आम्ही दोघी. मधे लसणाची सालं. निरोप न्यायला कुणी नाही.

मी खाली बसून एक पाकळी सोलायला घेतली. शेवटी माझ्या तोंडून निघालं ते तीनच शब्दांचं. "दुखते का वं?"

तिनं सुरी खाली ठेवली. "आता इचारतेस?"

आणि बांध फुटला. बाप रे! नऊ वर्षांचं सगळं बाहेर आलं. तो आवाज फाटका, मधेच नुसती हवा निघायची, पण थांबायला तयार नाही. माझ्या पोराच्या लग्नात पंगतीतून उठून गेलीस, लोकांनी मले इचारलं, मी काय सांगाव? मायच्या उशाशी बसून मीठ जास्त हाय म्हणत होतीस, माय तीन दिवस जेवली नव्हती, थे इचारलं का? तुले वाटते तूच एक शिकलेली, बाकीचे भैताड. मी एकेक ऐकत होते. उलटून एक अक्षर बोलले नाही. माझ्यासाठी हे किती अवघड आहे ते माझ्या तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना विचारा.

"थो कै," ती म्हणाली, "मी वाचून तसाच ठेवला असं वाटते तुले? कागद देल्ला अन् दगड आणला. वाचलाच नाई मी थो. मायचं नाव दगडावर वाचायची हिंमत नव्हती झाली माझी. कापडात गुंडाळून ठेवला, तुमच्यासोबतच पह्यल्यांदा पाह्यला. अन् तू मास्तरकी करत होतीस."

मी खाली पडलेली सालं गोळा करायला लागले.

"माय शेवटच्या दिवशी सकाळपासून तुले इचारत होती. ताई आली का, ताई आली का. मी सांगितलं, रस्त्यात हाय, येऊन राह्यली. तू रस्त्यात नव्हतीस. तुझ्या शाळेत साहेब येणार होता म्हणून तू निंघालीच नव्हतीस. मी मरत्या माणसाशी खोटं बोलली वं, तुझ्यासाठी. अन् तू मले पन्नास माणसांत डोळे फुटले का म्हणतेस."

ती खोकायला लागली. मी उठून पाणी दिलं. चमच्याचमच्यानं प्यायली. मी म्हणाले, "आता राहू दे, लय झालं. घसा दुखन."

"सोमवारी काढूनच घेऊन राह्यले," ती म्हणाली, "तं आता कायले जपू त्याले?"

आणि पुन्हा सुरू. मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं. शिव्या असल्या तरी माझ्या नावाच्या होत्या.

पुष्कळ वेळानं ती थकली. मला वाटलं, आता आपण समजूतदारपणा दाखवावा. मी तिचा हात हातात घेतला आणि फार गोड आवाजात म्हणाले, "मले काय माहीत बाई, त्या दिवशी ताट सोडलंस थे गिळता येत नव्हतं म्हणून. माहीत असतं तं मी काही मनात आणलं नसतं."

"गिळता येत होतं," ती म्हणाली. "सकाळीच चहात पोळी बुडवून खाल्लती."

"मंग?"

"तुझा राग होता ना मनात. लय होता. पाळकसाहेब म्हणले, देवाले फसवू नका. तोंडानं प्रीती म्हणाची अन् तुकडा घ्याचा, मले नाई जमत." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू घेतलतास ना?"

"घेतला."

"हं."

बस, एवढंच. नऊ वर्षं मी ज्या शब्दाच्या आड लपले होते, तो तिला कधी लागलाच नव्हता. तिला राग होता आणि ती त्याला राग म्हणत होती. माझ्याकडे त्याला अबोला हे सोज्ज्वळ नाव होतं, आणि त्याच्या जोरावर मी दर महिन्याला भाकर खात होते. मला तिथंच मेल्यासारखं झालं. लाज वाटली, इतकी की पाय पोटाशी घेऊन बसले.

"मी एक सांगू?" मी म्हणाले. "नाताळात तुझा आवाज फाटला ना, मले बरं वाटलं होतं."

वाटलं, आता ती मला घराबाहेर काढेल. ती हसली. हसताना आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. "माहीत हाय मले. तुझ्या तोंडावर लिहिलं होतं. मास्तरणीचं अक्षर, साऱ्याइले वाचता येते."

"आता राग हाय का अजून?"

"हाय ना. असा लगेच जाते का? उतरन हळूहळू." आणि लसणाच्या पाकळ्या वाटीत भरत म्हणाली, "चहा मांड. तुझ्यात साखर नोको टाकू, तुले शुगर निंघाली म्हणे."

माझी शुगर तिला माहीत होती. मला तिची गाठ माहीत नव्हती.

रविवारी त्यांच्याच गाडीतून मीही नागपूरला गेले. वाटेत ती फार बोलली नाही, बाहेरची शेतं बघत होती. सोमवारी सकाळी तिला चाकाच्या खाटेवरून आत नेत होते. पोरगा रडत होता, सून रडत होती, जावईबापू टोपी हातात चुरगाळत होते. मला आपलं वाटत होतं की ती मला काहीतरी म्हणेल. शेवटचं. जन्मभर जपून ठेवण्यासारखं. दारापाशी तिनं मान वळवून मला शोधलं आणि म्हणाली, "ताई, गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या राह्यल्या वं."

मी म्हणाले, "उचलते मी." आणि दार बंद झालं.

तिची तब्येत आता चांगली आहे. गळ्याला भोक आहे, त्यावर स्वच्छ जाळी. वहीत लिहून बोलते, शुद्धलेखन भयंकर आहे, पण मी तोंड मिटून वाचते. रोज संध्याकाळी मी तिच्याकडे असते आणि एकटीच बडबडते. पाळकसाहेब प्रीतीवर बोलतात तेव्हा ती माझ्याकडे बघते आणि मी खाली बघते. आम्ही दोघी एका बाकावर बसतो, आणि ताट आलं की आधी तिच्याकडे जातं.

परवा मी भाच्याला म्हटलं, तुझ्या आईचा आवाज मोबाइलमध्ये आहे ना, मलाही पाठव. त्यानं सगळं काढून दाखवलं. नातीसाठी सहा गोष्टी होत्या. सुनेसाठी लोणचं होतं, त्याच्यासाठी प्रार्थना होती, नवऱ्यासाठी औषधांच्या वेळा होत्या. माझ्यासाठी काही नव्हतं. हे सगळं शुक्रवारपर्यंत भरून झालं होतं, आणि शुक्रवारपर्यंत आमचा अबोला होता. शनिवारची दुपार कुणी भरून घेतली नाही.

नऊ वर्षं तो आवाज तीन घरं पलीकडे होता. दूधवाल्याशी भांडत होता, कोंबड्या हाकलत होता, नवऱ्याला जेवायला बोलावत होता, कामाच्या नादात गीतं म्हणत होता. मला सगळं स्पष्ट ऐकू यायचं. मी उठून खिडकी लावून घ्यायचे.